टी४ म्हणजे शेवटची स्टेज नव्हे

बीड जिल्ह्यात कॅन्सरची गोष्ट निघाली की एक शब्द हमखास येतो. ‘पसरलाय.’ हा शब्द कानावर पडला की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. कुठं पसरलाय, किती पसरलाय, हे विचारायचं नसतं असा जणू रिवाजच आहे. पसरलाय म्हणजे आता पैसा घालवू नका, माणूस घरी न्या, लेकीबाळींना बोलावून घ्या.

माझ्या चुलत्यांच्या बाबतीत हा शब्द दोनदा वापरला गेला. एकदा इकडं, सोनोग्राफी बघून. आणि एकदा मुंबईत, सीटी स्कॅन बघून. पहिल्या वेळी त्याचा अर्थ होता, ‘घरी न्या’. दुसऱ्या वेळी अर्थ होता, ‘ऑपरेशन मोठं करावं लागेल’. पोट तेच, गाठ तीच, शब्दही तोच. कॅन्सर मोठ्या आतड्याचा होता आणि तो वरच्या जठरात घुसला होता.

या दोन अर्थांमधला फरक कळायला आणि त्यावर काही करता यायला वैद्यकशास्त्राला शंभराहून जास्त वर्षं लागली. चुलत्यांचे कागद सांभाळता सांभाळता मी तो इतिहास वाचत गेलो. त्यात व्हिएन्ना आहे, लंडन आहे, न्यूयॉर्क आहे. आणि थोडंसं आपलं जुनं निजामाचं राज्यही आहे.

हरळी आणि गाजरगवत

आधी पोटाचा नकाशा बघू. मोठं आतडं पोटात दाराच्या चौकटीसारखं बसलेलं असतं. उजवीकडून वर चढतं, मग आडवं जातं, मग डावीकडून खाली उतरतं. यातला आडवा भाग जठराच्या बरोबर खाली लोंबतो. दोघांच्या मध्ये चरबीचा एक पातळ पदर असतो, एवढंच. त्यामुळे आडव्या भागातली गाठ आतड्याची भिंत फोडून बाहेर वाढली, तर तिला सगळ्यात जवळचा शेजारी भेटतो तो जठर.

शेतकऱ्याच्या पोराला हे समजायला अवघड नाही. रानात दोन प्रकारचं तण पसरतं. हरळी जमिनीखालून सरकत बांध ओलांडते आणि शेजाऱ्याच्या वावरात निघते. गाजरगवताचं बी मात्र वाऱ्यावर, पाण्याबरोबर उडत-वाहत जातं आणि पार लांबच्या शिवारात उगवतं. दोन्हीला आपण ‘पसरलं’ म्हणतो. पण हरळीचा बंदोबस्त करता येतो. बांधासकट, शेजारच्या चार हात मातीसकट खोदून काढली तर ती जाते. वरवर उपटली तर तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नवी हरळी येते.

आतड्यातून जठरात घुसलेला कॅन्सर हरळीसारखा पसरलेला असतो. यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या अस्तरावर जागोजागी उगवलेला कॅन्सर गाजरगवतासारखा. पहिल्या प्रकारात आजार एका जागी जोडलेला आहे, म्हणून तो एकसंध काढण्याची आशा असते. दुसऱ्या प्रकारात वाट फार अवघड होते. काही रुग्णांत यकृतातल्या मोजक्या गाठी काढता येतात, पण तो हिशेब वेगळा.

हैदराबादची भूल

पोट उघडायचं तर आधी माणूस झोपवावा लागतो. १८४६ साली बोस्टनमध्ये इथरची भूल देऊन जाहीर ऑपरेशन झालं आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्म आला. पण क्लोरोफॉर्मने काही रुग्ण टेबलावरच मरत. मृत्यू हृदय थांबून होतो की श्वास थांबून, यावर इंग्लंडात मोठा वाद पेटला होता.

हा वाद सोडवायचा एक प्रयत्न हैदराबादला झाला. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८ आणि १८८९ साली दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसवली. खर्च निजाम सरकारने उचलला. दुसऱ्या वेळी लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे नावाजलेले डॉक्टर आले आणि शेकडो कुत्र्यांवर, माकडांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. तो पुढे अपुरा ठरला. क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून थेट मृत्यू येऊ शकतो, हे १९११च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं. पण श्वास मोजत राहण्याची सवय टिकली. याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फुर्दूनजी जगातल्या अगदी सुरुवातीच्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक होत्या.

बीड तेव्हा याच निजामाच्या राज्यात होतं. म्हणजे जगाच्या भूलशास्त्राला पैसा देणाऱ्या राज्याचा आपण भाग होतो. पण पोटात गाठ झालेला बीडचा माणूस मात्र तेव्हाही घरीच मरत होता.

व्हिएन्नातला एक सकाळचा प्रयोग

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी एका ४३ वर्षांच्या बाईच्या जठराचा कॅन्सर झालेला तुकडा कापून काढला आणि उरलेलं जठर आतड्याला शिवलं. असा प्रयत्न त्यांच्या आधी दोघांनी केला होता. पॅरिसमध्ये पेआं यांनी १८७९ साली आणि रिडिगियर यांनी १८८० साली. दोन्ही रुग्ण वाचले नव्हते. बिलरोथ यांची रुग्ण ऑपरेशनमधून उठली, जेवली, घरी गेली. सुमारे चार महिन्यांनी मात्र आजार पोटात परतला आणि ती गेली.

ही गोष्ट सांगताना शेवटचं वाक्य बऱ्याचदा गाळलं जातं. मला तेच महत्त्वाचं वाटतं. जठर कापून परत जोडता येतं आणि माणूस जगतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. पण कापलेल्या जागेपलीकडे आजार गेला आहे का, हे ओळखायचं साधन बिलरोथ यांच्याकडे नव्हतं. तेव्हा ना सीटी स्कॅन होता, ना स्टेज.

मोठ्या आतड्याची अडचण आणखी वेगळी होती. तिथं मळ असतो, म्हणजे कोट्यवधी जिवाणू. टाका जरा सुटला की सगळं पोट सडायचं. म्हणून बिलरोथ यांचेच शिष्य मिकुलिच आणि त्या पिढीतले इतर सर्जन गाठीचं आतडं आधी पोटाबाहेर आणून ठेवत, मग कापत आणि काही आठवड्यांनी जोडत. एकाच आजारासाठी दोन-तीन ऑपरेशनं. वेळ लागायचा, पण माणसं कमी मरायची.

अशा काळात आतडं आणि जठर दोन्ही एकदम कापायचं म्हणजे जवळजवळ वेडेपणाच. रक्तगट १९०१ साली लँडस्टायनर यांनी ओळखले. रक्त साठवून चढवायची पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात रुळली. पेनिसिलिन १९४०च्या दशकात आलं. हे सगळं जमल्यावरच शेजारच्या अवयवासकट गाठ काढायचा विचार गंभीरपणे सुरू झाला.

अक्षरांचं काम

मुंबईहून चुलत्यांचा रिपोर्ट आला त्यावर तीन अक्षरं आणि आकडे होते. टी४बी, एन०, एम०. भावकीतल्या एकाने मोबाइलवर वाचून लगेच सांगितलं, “चार आहे. चौथी स्टेज. संपलं.” बायका रडायला लागल्या. चुलते खाटेवर बसून सगळं ऐकत होते.

त्या चारचा अर्थ चौथी स्टेज असा नसतो. ही अक्षरं कुठून आली ते बघितलं की लक्षात येतं.

१९३२ साली लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन गट पाडले. आजार भिंतीतच आहे तो ए, भिंतीपलीकडे गेला तो बी, लसीकाग्रंथींत पोचला तो सी. सोपी रीत होती आणि ती पुढे मोठ्या आतड्यालाही लावली गेली. मग १९४३ ते १९५२च्या दरम्यान फ्रान्समध्ये प्येर दन्वा यांनी यातल्या गोष्टी सुट्या केल्या. टी म्हणजे मूळ गाठ किती खोल गेली. एन म्हणजे लसीकाग्रंथींत किती. एम म्हणजे लांबच्या अवयवांत गेली का. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं लिहायचं. त्याची पहिली जागतिक पुस्तिका १९६८ साली निघाली आणि आज जगभर हीच पद्धत चालते.

आता चुलत्यांचा कागद परत वाचा. टी४बी म्हणजे गाठ शेजारच्या अवयवात घुसली किंवा त्याला चिकटली. एन० म्हणजे लसीकाग्रंथी साफ. एम० म्हणजे लांब कुठंच नाही. हे तिन्ही मिळून स्टेज होते दोन-सी. चौथी स्टेज तेव्हाच म्हणतात, जेव्हा एम शून्य नसतो.

यात खोटा दिलासा मात्र नाही. दोन-सी ही हलकी स्टेज नाही. काही वेळा तिचे निकाल तिसऱ्या स्टेजच्या सुरुवातीच्या रुग्णांपेक्षाही वाईट येतात. पण तिच्यावर बरं करण्याच्या हेतूने ऑपरेशन होतं. ‘घरी न्या’ हे तिचं उत्तर नाही.

चिकटलेलं सोडवायचं नाही

ऑपरेशनच्या टेबलावर पोट उघडलं आणि आतड्याची गाठ जठराला चिकटलेली दिसली, तर साधा मोह काय होईल? बोटांनी, कात्रीने ती चिकटण सोडवायची. गाठ आतड्यासकट काढायची आणि जठर वाचवायचं. अनेक वर्षं बऱ्याच ठिकाणी असंच होत होतं. जठर वाचल्याचं समाधानही मिळायचं.

पण हाताला दोन गोष्टी सारख्याच लागतात. कधी ती चिकटण नुसत्या सुजेची असते, कधी तिच्या आत कॅन्सरच्या पेशी असतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं तर साधारण निम्म्या वेळी खरोखर कॅन्सर सापडतो. टेबलावर ते ओळखायची खात्रीची सोय नाही. तपासायला म्हणून तिथला तुकडा काढला, तरी गाठ फुटून पेशी पोटात सांडतात. हरळीची कांडी तुटावी तसं.

सगळं एकाच तुकड्यात काढायचं, ही कल्पना स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९०च्या दशकात मांडली होती. पोटात तिचं टोक गाठलं न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर ब्रन्श्विग यांनी. १९४८ साली त्यांनी २२ रुग्णांची माहिती छापली. ओटीपोटात पुढं गेलेल्या कॅन्सरसाठी त्यांनी मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय असं सगळं एकत्र काढलं होतं. २२पैकी पाच जण ऑपरेशनमुळेच दगावले. ‘हे उपचार आहेत की क्रूरपणा?’ असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो विचारणं बरोबरच होतं. हॉल्स्टेड यांची फार मोठी ऑपरेशनं स्तनाच्या बाबतीत पुढं अनावश्यक ठरली. कारण तिथला आजार बऱ्याचदा गाजरगवतासारखा आधीच लांब गेलेला असे.

मोठ्या आतड्याच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा निघाला. १९७० आणि १९८०च्या दशकांत सर्जनांनी आपापल्या जुन्या रुग्णांच्या वह्या काढून तुलना केली. ज्यांची चिकटण सोडवली होती त्यांच्यात आजार तिथंच परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. ज्यांचा शेजारचा अवयवही सोबत काढला होता ते जास्त काळ जगले. तेव्हापासून नियम ठरला की चिकटलेलं सोडवायचं नाही. आतडं, मधला चरबीचा पदर आणि जठराचा चिकटलेला भाग, तिन्ही एका तुकड्यात बाहेर काढायचे. जठराचा थोडाच भाग धरला असेल तर तेवढाच कापून स्टेपलरने कडा बंद करतात. गाठ जठराच्या खालच्या तोंडाजवळ असेल तर अर्धं जठरही जातं आणि उरलेलं लहान आतड्याला जोडतात.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि हळूहळू पोट उघडण्याआधीच हा नकाशा दिसायला लागला. आता एक नवीन पाऊल पडतंय. ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या १,०५३ रुग्णांवर झालेल्या ‘फॉक्सट्रॉट’ नावाच्या अभ्यासाचे निकाल २०२३ साली आले. ऑपरेशनच्या आधी सहा आठवडे केमो दिली, तर दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण कमी झालं. गाठ आधी आकसते, मग काढायला सोपी जाते.

भोक पडतं तेव्हा

कधी गाठ जठरात घुसून मधोमध झडते आणि आतडं-जठर यांच्यात थेट वाट तयार होते. या वाटेचं वर्णन हालर यांनी १७५५ सालीच केलं होतं. अशा रुग्णाच्या उलटीला मळाचा वास येतो, खाल्लेलं जसंच्या तसं जुलाबातून पडतं आणि वजन झपाट्याने उतरतं. गावात याला करणी म्हणतात, पित्त म्हणतात, काहीही म्हणतात. पूर्वी यावर दोन-तीन टप्प्यांत ऑपरेशन करत. कारण उपाशी, सुकलेलं शरीर एका दमात एवढं सोसत नसे. आता आधी काही दिवस सलाइनमधून किंवा नळीने पोषण देतात, रक्त भरतात आणि जमलं तर सगळं एकाच वेळी काढतात.

चुलत्यांना भोक पडलेलं नव्हतं. त्यांना नुसता थकवा होता आणि रक्त कमी होत होतं. आतड्याच्या आतून थोडं थोडं रक्त झिरपायचं, डोळ्याला दिसायचं नाही. वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू होत्या.

आपण कुठं होतो?

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने वारल्या होत्या, त्यांच्या आठवणीतून हे काम उभं राहिलं. तिथं पॅथॉलॉजीचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. सर्जरीत नाव झालं मूळच्या गोव्याच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं. आज आपल्याकडचा पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून निघून हॉस्पिटलच्या ज्या रस्त्यावर उतरतो, त्या रस्त्याला बोर्जेस यांचंच नाव आहे.

पण १९४१ साली बीड मुंबई इलाख्यात नव्हतंच. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघायला १९७०चं दशक अर्धं सरावं लागलं. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव आहे.

कॅन्सरचा पहिला मोठा आधार शेजारून आला. धाराशिव जिल्ह्यापलीकडे बार्शीला १९८२ साली नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं. १९८७पासून बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावातली माणसं दवाखान्यात येतील म्हणून वाट बघायची नाही, आपणच गावोगाव जायचं, बैठका घ्यायच्या, लक्षणं समजावून सांगायची, अशी तिची पद्धत. यातून गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडायचं प्रमाण वाढलं. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही. फक्त लक्षणं काय असतात हे सांगितलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आपल्या खेड्यांत तुलनेने कमी, त्यामुळे त्याच्याबद्दल अशी बैठक सहसा होत नाही. शौचातून रक्त गेलं तर ती मूळव्याधच असते, असं आपण धरूनच चालतो.

पैशाचा प्रश्न उरतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत बीड नव्हतं. २०१३च्या नोव्हेंबरात ती राज्यभर आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव मिळालं आणि २०२३ साली कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत मर्यादा वाढवायचा निर्णय झाला. चुलत्यांचं ऑपरेशन याच योजनेत बसलं. नसतं बसलं तर दोन एकर गेली असती.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय बीडमधल्या ऑपरेशनांबद्दल बोलताच येत नाही. जून २०१९ मध्ये सरकारने विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक जणी होत्या. जिथं कापायची गरज नव्हती तिथं सुरी सहज चालली. त्यामुळे ‘ऑपरेशन करा’ म्हणणाऱ्यावर आपल्याकडं संशय घेतला जातो, आणि तो उगाच नाही. पण याच जिल्ह्यात ज्याला ऑपरेशनची खरी गरज आहे, तो ‘पसरलाय’ या एका शब्दावर माघारी फिरतो.

चुलत्यांच्या ऑपरेशनला सहा तास लागले. आडवं आतडं आणि जठराचा कडेचा भाग एका तुकड्यात निघाला. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या भिंतीत कॅन्सर सापडला, म्हणजे ती चिकटण नुसत्या सुजेची नव्हती. कापलेल्या कडा मात्र साफ होत्या. मग सहा महिने केमो झाली. आता तिसरं वर्ष चालू आहे. एका वेळी अर्धीच भाकरी जाते म्हणून दिवसातून पाच वेळा खातात. दर काही महिन्यांनी तपासणीला जातात आणि जायच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागत नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. कुणाचं वय जास्त असतं, कुणाचं शरीर खंगलेलं असतं. कुणाच्या पोटाच्या अस्तरावर आजार आधीच उगवलेला असतो. तिथं हे ऑपरेशन फायद्याचं नसतं आणि चांगला सर्जन तसं स्पष्ट सांगतो. पण ते सांगण्याआधी त्याच्या हातात सीटी स्कॅन असतो, बायोप्सी असते आणि तिन्ही अक्षरांसमोर आकडे लिहिलेले असतात.

तुमच्या घरात कधी हा शब्द आला तर मोबाइल तुमच्याच हातात असणार आणि मोठी माणसं तुमच्याकडेच बघणार. तेव्हा कागदावर टीच्या पुढचा चार बघून थांबू नका. एमच्या पुढं काय लिहिलंय ते बघा. तिथं काहीच लिहिलेलं नसेल, तर ‘पसरलाय’ हे अजून कुणी तपासलेलंच नाही.